घर बघायला जाताना मलाही न्या!



जूनमध्ये शाळा उघडली, की माझ्या वर्गात दोन-तीन तरी नवे चेहरे दिसतात. कुणी परभणीहून आलेलं असतं, कुणी बीडहून, कुणी लातूरहून, तर कुणी थेट बिहारमधून. बाबांना इथल्या कारखान्यात काम लागलेलं असतं, नाही तर आईची बदली झालेली असते. दप्तर नवं, गणवेश नवा, पण मन मात्र अजून जुन्या गावातच!

मी त्यांना जवळ बोलावून विचारते, "काय रे, नवं घर आवडलं का?"

"हो बाई! फरशी एकदम गुळगुळीत आहे." "आमच्याकडे दोन पंखे आहेत." अशी उत्तरं पटापट येतात. पण "आणि गल्ली?" असं विचारलं, की सगळे गप्प.

एकदा तर तिसरीतल्या एका नव्या मुलीनं उलट मलाच विचारलं, "बाई, या शहरात मुलं कुठं राहतात? आमच्या गल्लीत तर नुसत्या गाड्याच राहतात!"

वर्ग हसला. मलाही हसू आलं. पण घरी जाईपर्यंत ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण तिच्या जागी मला मीच दिसत होते.

आमची चुकलेली निवड

१९९७ सालची गोष्ट. मी चौथीत होते. बाबांना वाळूजच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही परतूरहून या शहरात आलो. बाबा एकटे येऊन घर बघून गेले होते. दोन खोल्या, भाडं कमी, बाबांच्या कंपनीची बस दारातून जाणारी. आणखी काय हवं?

आल्यावर कळलं, की आमचं घर होतं एका हमरस्त्याच्या कडेला आणि शाळा, मैदान, किराणा दुकान सगळं त्या रस्त्याच्या पलीकडे! दिवसरात्र ट्रक धडधडायचे. मला शाळेत सोडायला आई यायची. माझा पाच वर्षांचा भाऊ घरी राहायचा. एके दिवशी काय झालं, दार उघडं राहिलं आणि तो "ताई, ताई" करत माझ्यामागे धावला. ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला. भावाला साधं खरचटलंसुद्धा नाही, पण आई रस्त्यातच मटकन खाली बसली. तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

त्या दिवसापासून दाराला बाहेरून कडी लागली. माझा भाऊ जवळजवळ वर्षभर खिडकीत बसून ट्रक मोजत होता. शेवटी एका रात्री बाबा म्हणाले, "मी घराचं भाडं बघितलं, भिंती बघितल्या. घराबाहेर काय आहे ते बघितलंच नाही."

पुढच्या मे महिन्यात आम्ही दुसरीकडे राहायला गेलो. खोली आधीपेक्षा लहान, पण समोर मैदान! भाऊ आठवड्याभरात दहा मित्र करून आला.

म्हणून मित्रांनो, आज मी तुम्हाला आणि तुमच्या आईबाबांनाही एक गंमतशीर पण महत्त्वाची गोष्ट सांगणार आहे. नव्या शहरात घर नव्हे, वस्ती कशी निवडायची?

हे तर नवख्यांचंच शहर!

आधी एक गुपित सांगू? आपलं छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद, हे मुळातच बाहेरून आलेल्या माणसांनी वसवलेलं शहर आहे. १६१० साली खडकी नावाच्या गावाच्या जागी नवं नगर वसवलं, ते मलिक अंबरनं. हा मलिक अंबर कोण? तो आफ्रिकेतल्या अॅबिसिनियाचा, म्हणजे आजच्या इथिओपियाचा. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, बगदादसारख्या दूरदूरच्या शहरांत फिरला आणि शेवटी दख्खनमध्ये येऊन अहमदनगरच्या निजामशाहीचा मोठा कारभारी झाला. किती वेळा त्याला "नवा मुलगा" व्हावं लागलं असेल, विचार करा!

पुढे मोगलांच्या काळात त्यांचे सरदार इथं आले. त्यांचे तळ पडले, तिथं पुरे वसले. जयसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा ही नावं त्या राजपूत सरदारांची आठवण सांगतात. नंतर चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा इथं औद्योगिक वसाहती झाल्या आणि साऱ्या मराठवाड्यातून माणसं इथं आली. २०१९ साली शेंद्र्याजवळ ऑरिक या नव्या औद्योगिक नगरीचं उद्घाटन झालं. म्हणजे नवी माणसं अजूनही येतच आहेत. तेव्हा तुम्ही नवे असाल, तर मुळीच लाजू नका. इथं प्रत्येकाचं कुणी ना कुणी कधी तरी नवं होतंच!

पहिला प्रश्न पाण्याचा

मलिक अंबरनं नगर वसवताना कशाची सोय केली, ठाऊक आहे? पाण्याची! उत्तरेकडच्या डोंगरात झिरपणारं पाणी त्यानं जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणलं. तिला नहर-ए-अंबरी म्हणतात. पुढच्या काळात अशाच एका नहरीच्या पाण्यावर पाणचक्की फिरू लागली आणि यात्रेकरूंसाठी धान्य दळू लागली. सहलीला गेलात, तर तिथला उंचावरून पडणारा पाण्याचा पडदा जरूर बघा. पंप नाही, वीज नाही, नुसता उताराचा हिशेब!

आज शहराचं पाणी येतं ते पैठणजवळच्या जायकवाडी धरणातून. धरण झालं १९७६ साली. पाणी पन्नासेक किलोमीटर अंतर कापून, चढ चढून, पंपानं शहरात येतं. शहर वाढलं, पण पाणी तेवढं वाढलं नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं कित्येक भागांत नळाला चार-चार, आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं. २०२० साली नव्या मोठ्या पाणी योजनेचा नारळ फुटला. तरी घर घेण्याआधी पाण्याची चौकशी करायलाच हवी.

कुणाला विचारायचं? घर दाखवणाऱ्या एजंटला नाही हं! तो म्हणणार, "पाण्याचा काही प्रश्नच नाही." विचारायचं शेजारच्या काकूंना. नळाला किती दिवसांनी पाणी येतं? किती वेळ? रात्री दोनला की सकाळी सातला? बोअर आहे का? मे महिन्यात त्याला पाणी राहतं का? टँकर मागवावा लागतो का?

आता एक गणित करू. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी लागतं, असं मोजमाप धरतात. घरात चार माणसं असली, तर १३५ × ४ = ५४० लिटर रोजचे. पाणी पाच दिवसांनी येत असेल, तर साठवण किती हवी? ५४० × ५ = २७०० लिटर. आणि घरावरची टाकी १००० लिटरची असली तर? दोन दिवसांत खडखडाट! काटकसर केली तर ती थोडी जास्त पुरेल, पण गणित आधी केलेलं बरं. सातारा, देवळाई यांसारख्या भागांत पूर्वी ग्रामपंचायत होती, नंतर ते महापालिकेत आले. अशा नव्यानं जोडलेल्या भागांत जागा मोकळी मिळते, हवा छान असते. पण पाणी आणि ड्रेनेज यांची चौकशी दोनदा करावी.

शाळा किती पावलांवर?

आपल्या देशात २००९ साली शिक्षणाचा हक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. आपल्या राज्यातल्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असायला हवी. एक किलोमीटर म्हणजे किती? मोठ्या माणसाला बारा-पंधरा मिनिटं आणि पहिलीतल्या पिल्लाला वीस. कारण वाटेत त्याला मांजर दिसतं, दगड सापडतो आणि बुटाची लेसही सुटते!

पालकांसाठी दोन गोष्टी सांगून ठेवते. पुष्कळ जण म्हणतात, "जुन्या शाळेचा दाखला अजून आला नाही, म्हणून पोरगं घरीच बसलंय." असं करू नका. दाखल्याला उशीर झाला, एवढ्याच कारणासाठी सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, असं हा कायदा सांगतो. आणि वर्षाच्या मध्येच बदली झाली, तरी मुलाला शाळेत घ्यायला हवं. दाखला मागून येऊ द्या. मुलाचं वर्ष मात्र घरात बसून जाऊ देऊ नका.

आणखी एक. घर ठरवण्याआधी शाळेच्या वेळेला, शाळेच्या वाटेवरून मुलाचा हात धरून एकदा चालून बघा. रविवारी दुपारी नाही, कामाच्या दिवशी! नकाशात दिसणारी वाट आणि पायांना लागणारी वाट यांत फार फरक असतो.

मोठा रस्ता मधे नको

१९२९ साली अमेरिकेतल्या क्लॅरेन्स पेरी नावाच्या माणसानं एक साधी कल्पना मांडली. तो म्हणाला, वस्ती आखताना मधोमध प्राथमिक शाळा ठेवा. मोठे रस्ते वस्तीच्या कडेनं न्या, पोटातून नको. दुकानं कडेला, कोपऱ्यांवर असू द्या. आणि थोडी जमीन खेळायला राखून ठेवा. म्हणजे मुलाला शाळेत जाताना वाहता रस्ता ओलांडावा लागणार नाही. किती सोपं, नाही का? ही कल्पना पुढे जगभर गेली.

आपल्याकडे सत्तरच्या दशकापासून सिडकोनं जुन्या शहराच्या पूर्वेला नवं शहर आखलं. त्याचे एन-१, एन-२ असे भाग तुम्हाला माहीत आहेतच. तिथं फिरताना दिसेल, की घरांच्या रांगांमधे छोटी छोटी मैदानं, बागा, शाळेच्या जागा ठेवलेल्या आहेत. आता काही मैदानांवर गाड्या उभ्या असतात, ती गोष्ट वेगळी!

जुन्या शहरात, गुलमंडी-औरंगपुऱ्याच्या गल्ल्यांत असं आखलेलं मैदान मिळेलच असं नाही. पण तिथं दुसरी श्रीमंती आहे. बाजार, दवाखाना, वाचायला पुस्तकं, सगळं पायांच्या अंतरावर. म्हणजे नवी वस्ती चांगली आणि जुनी वाईट, असं मुळीच नाही. फक्त एक नियम पक्का धरा. जालना रोड किंवा बीड बायपाससारखा वाहता रस्ता घर आणि शाळा यांच्या मधे येऊ देऊ नका. आमच्या घरानं तो धडा फार महागात शिकला, बरं का!

संध्याकाळी साडेसहाची परीक्षा

घर बघायला लोक सकाळी नाही तर भर दुपारी जातात. तुम्ही आईबाबांना सांगा, "आपण संध्याकाळी साडेसहाला परत जाऊ."

तेव्हा काय बघायचं? मुलं बाहेर खेळताहेत का? त्यांत मुलीही आहेत का? आजी-आजोबा कुठं ओट्यावर, बाकावर बसलेत का? रस्त्यावरचे दिवे लागले का? मुली जिथं अंधार पडेपर्यंत निर्धास्त खेळतात आणि म्हातारी माणसं जिथं आरामात चालतात, ती वस्ती चांगली. याला कुठल्याही जाहिरातीची गरज नाही.

जमलं तर पावसातही एक चक्कर मारा. आपल्या शहराच्या पश्चिम बाजूनं खाम आणि पूर्व बाजूनं सुखना नदी वाहते. एरवी त्या बारीक ओढ्यासारख्या दिसतात, पण मोठा पाऊस झाला की नाले आपली जुनी वाट शोधतात. भिंतीवर ओलीची रेघ दिसली, तर विचारा, "पाणी इथवर आलं होतं का?"

कचराही बघा. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या आसपासच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहरभर रस्त्यांवर ढीग साचले. वर्षानुवर्षं शहराचा सगळा कचरा त्यांच्या दारात पडत होता. ते तरी किती सोसणार? तेव्हा शहराला कळलं, की आपली गल्ली स्वच्छ म्हणजे कचरा नाहीसा झाला असं नव्हे. तो दुसऱ्या कुणाच्या तरी गल्लीत गेलेला असतो. म्हणून जिथं ओला-सुका कचरा वेगळा करतात, ती वस्ती जास्त शहाणी समजा.

माणसं कशी आहेत?

आता सगळ्यांत नाजूक प्रश्न. घर बघताना मोठी माणसं हळूच विचारतात, "इथं लोक कुठले आहेत हो?" आणि घरमालकही हळूच विचारतात, "तुमचं आडनाव काय?" माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या बाबांना आडनाव सांगितल्यावर तीन ठिकाणी "खोली कालच गेली" असं उत्तर मिळालं. मुलगा शेजारीच उभा होता. तो मला म्हणाला, "बाई, दारावर पाटी मात्र अजून होती."

मित्रांनो, काय उत्तर देणार होते मी? मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, एवढंच.

म्हणून पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. "लोक कुठले आहेत" हा प्रश्न सोडा आणि त्याऐवजी हे विचारा : इथले लोक एकमेकांच्या मुलांना नावानं ओळखतात का? आई कामावरून उशिरा आली, तर मूल कुणाच्या घरी थांबू शकतं? रात्री ताप चढला, तर कुणाचं दार वाजवता येतं? दिवाळीचा फराळ आणि ईदचा शिरखुर्मा दोन्ही ज्या जिन्यावरून ये-जा करतात, त्या जिन्यावर मूल कधी एकटं पडत नाही.

आपली वस्ती : १०० गुणांची परीक्षा

आता ही प्रश्नपत्रिका वहीत उतरवून घ्या आणि घर बघायला जाताना बरोबर न्या. गुण तुम्ही द्यायचे!

पाणी, साठवण, ड्रेनेज : २० गुण
शाळा चालत जाण्याजोगी : २० गुण
वाटेत मोठा रस्ता नाही : २० गुण
खेळायला जागा, झाडं, दिवे : १५ गुण
शेजारीपाजारी : १५ गुण
दवाखाना, किराणा, बस-रिक्षा : १० गुण

साठाच्या वर गुण मिळाले, तर वस्ती पास! पण रस्त्याच्या प्रश्नात शून्य मिळालं, तर बाकीचे कितीही गुण असोत, नापास. हा माझा नियम आहे आणि तो मी बदलणार नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही घर बदललं, तेव्हा माझ्या लेकीनं हीच परीक्षा घेतली. एका सुंदर फ्लॅटला तिनं ४२ गुण दिले. मला तो फार आवडला होता. स्वयंपाकघर तर काय छान होतं! पण ती म्हणाली, "आई, इथं खाली एकही मूल नाही. मी कुणाशी भांडू?" आम्ही तो फ्लॅट सोडला.

आणि निवड करता आलीच नाही तर?

असंही होतं बरं. पगार थोडा असतो, घाई असते, मिळेल ती खोली घ्यावी लागते. मग काय करायचं? मग घर बदलायचं नाही, गल्ली बदलायची!

त्या तिसरीतल्या मुलीचं असंच झालं. तिच्या आईबाबांना दुसरं घर परवडणारं नव्हतं. मी तिच्या आईला म्हटलं, "शेजारच्या बायकांशी बोलून तर बघा." तिच्या आईनं धीर केला. चार घरच्या काकूंनी मिळून गाड्यावाल्यांना विनंती केली, की संध्याकाळी पाच ते सात गाड्या गल्लीच्या एका बाजूला लावा. दोघे-तिघे कुरकुरले. एका आजोबांनी मात्र सगळ्यांत आधी आपली स्कूटर हलवली. आता तिथं रोज दोन तास लंगडी आणि लगोरी चालते. परवा ती मला सांगत होती, "बाई, आमच्या गल्लीत अकरा मुलं राहतात. ती आधीपासूनच होती. फक्त घरात होती!"

आता शेवटचं काम तुमच्यासाठी, जे आधीपासून इथं राहता त्यांच्यासाठी. यंदा तुमच्या वर्गात नवं मूल आलं, तर त्याला बाकावर जागा द्या. पाण्याची टाकी कुठं आहे, मधल्या सुट्टीत कुठं खेळायचं, कोणत्या काका बिस्किटं चांगली देतात, हे सगळं दाखवा. आणि संध्याकाळी त्याच्या दारात जाऊन हाक मारा, "येतोस का रे खेळायला?"

नव्या शहरात घर मिळतं ते घरमालकाकडून. पण गल्ली मिळते ती अशा हाकेतून.

मग, आज कुणाला हाक मारताय?

तुमच्या बाई